लंकेचे खरे सोने

मंडळी, लंका म्हटली की तुम्हांला काय आठवते? रावण आठवतो. मारुतीने पेटवलेली लंका आठवते. आम्ही शाळेत भूगोल शिकवीत असू, तेव्हा नकाशावर छडी टेकवून म्हणत असू, "ही पाहा लंका." लगेच मागच्या बाकावरून कोणीतरी विचारी, "गुरुजी, ती सोन्याची आहे का हो?" सगळा वर्ग हसे. आम्हीही हसून पुढच्या धड्याकडे वळत असू.

पण तो प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. लंकेत सोने होते. मात्र ते राजाच्या पेटीत नव्हते. मग कुठे होते? चला, आज आपण मनानेच त्या बेटाच्या आतल्या भागात फेरी मारू. म्हणजे ते सोने आपोआप दिसेल.

बेट कसे आहे?

रामेश्वराची यात्रा केलेली माणसे तुमच्या गावात असतील. रामेश्वराच्या पुढे धनुष्कोडी. तेथून समुद्रापलीकडे लंकेचा किनारा सुमारे ३० किलोमीटरांवर आहे. पूर्वी या देशाला सिलोन म्हणत. जुन्या माणसांना रेडिओ सिलोनवरची गाणी अजून आठवतात. हा देश ४ फेब्रुवारी १९४८ रोजी स्वतंत्र झाला. १९७२ साली त्याने श्रीलंका हे नाव घेतले. आपल्या महाराष्ट्राचे पाच सारखे भाग केले, तर त्यातल्या एका भागाएवढा हा देश भरेल.

बेटाच्या मध्यभागी, जरा दक्षिणेकडे, उंच डोंगर आहेत. उन्हाळा सरला की नैऋत्येचे ढग येतात आणि या डोंगरांना अडतात. नैऋत्येच्या बाजूला धो धो पाऊस पडतो. पण डोंगरापलीकडे, उत्तरेला आणि पूर्वेला, त्या महिन्यांत आभाळ कोरडेच राहते. आपल्या सह्याद्रीचे असेच नाही का? कोकणात पूर, आणि घाट उतरून पूर्वेला आले की शेतकरी आभाळाकडे बघत बसलेला.

लंकेच्या त्या कोरड्या भागात पाऊस पडतो तो मुख्यतः ऑक्टोबर ते जानेवारीत. आपल्या दुष्काळी तालुक्यांपेक्षा तो जास्तच असतो. पण तीन-चार महिन्यांत पडून मोकळा होतो. बाकीचे दिवस कडक ऊन. आणि तिकडचे मुख्य अन्न म्हणजे भात. भाताला तर पाणी उभे लागते. मग करायचे काय? लंकेच्या लोकांनी एकच उपाय काढला. पाणी अडवायचे आणि साठवायचे. त्यांच्या भाषेत तळ्याला 'वेव' म्हणतात. कोरड्या भागाच्या नकाशावर पाहाल, तर गावांच्या नावांना हा शब्द जागोजाग चिकटलेला दिसेल.

अनुराधपूर

आता आपण पहिल्या राजधानीत येऊ. तिचे नाव अनुराधपूर. सुमारे तेराशे वर्षे लंकेचे राजे येथून राज्य करीत होते.

येथे एक पिंपळ आहे. सम्राट अशोकाचे नाव तुम्ही ऐकले आहे. त्याचा मुलगा महेंद्र आणि मुलगी संघमित्रा यांनी इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात बुद्धाचा धर्म लंकेत नेला, असे तिकडचे जुने ग्रंथ सांगतात. संघमित्रेने बरोबर बुद्धगयेच्या बोधिवृक्षाची फांदी नेली. ती येथे लावली. माणसाने लावलेले, लावल्याचा काळ ठाऊक असलेले, इतके जुने झाड जगात दुसरे नाही असे मानतात. त्याला सोन्याचा कठडा आहे. फांद्यांना टेकू दिले आहेत. पिढ्यानपिढ्या लोकांनी त्याला पाणी घातले, म्हणून ते जगले. पुढे त्याचे रोप १९३१ साली काशीजवळ सारनाथला आले. आपल्या नागपूरच्या दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्षही याच झाडाच्या फांदीपासून वाढवलेला आहे. लेकीने माहेराहून नेलेले रोप पुन्हा माहेरी आले म्हणा ना!

अनुराधपुरात मोठमोठे स्तूप आहेत. तिकडे त्यांना दागबा म्हणतात. विटांचे घुमट, पालथ्या घातलेल्या घमेल्यासारखे. त्यांत जेतवन नावाचा स्तूप सर्वांत मोठा. तो महासेन राजाने सतराशे वर्षांपूर्वी बांधायला घेतला. तेव्हा त्याची उंची सुमारे ४०० फूट होती. आज ती सुमारे २३० फूट उरली आहे. त्याला नऊ कोटींहून अधिक विटा लागल्या असाव्यात असा अंदाज आहे.

आता विचार करा. एवढ्या विटा घडवणारे, भाजणारे, वाहणारे हात किती असतील? ते हात रोज जेवत असतील. त्यांना भात लागे, आणि भाताला पाणी लागे. म्हणून स्तूप पाहायला जाणाऱ्याने आधी तळी पाहावीत. शहराला लागूनच जुनी तळी आहेत. स्तूप बांधणाऱ्या याच महासेन राजाने मिन्नेरिय नावाचे प्रचंड तळे बांधले. त्या भागातले शेतकरी त्याला देव मानून पुजू लागले. लढाई जिंकली म्हणून नव्हे, तळे बांधले म्हणून!

राजाने दाखवलेले धन

पाचव्या शतकात धातुसेन नावाचा राजा होता. त्याने कलावेव नावाचे तळे बांधले. पण तळे होते अनुराधपुराहून दूर. म्हणून तेथून राजधानीपर्यंत कालवा काढला. त्याची लांबी सुमारे ५४ मैल, म्हणजे ८७ किलोमीटर. त्याच्या पहिल्या १७ मैलांत उतार किती ठेवला असेल? मैलाला फक्त सहा इंच! शेतात पाट काढणाऱ्याला विचारा, एवढा बारीक उतार साधणे किती अवघड असते ते. जरा जास्त झाला तर पाणी माती खाते. जरा कमी झाला तर पाणी जागेवरच थांबते.

या लोकांची दुसरी करामतही सांगतो. तळे मोठे असले की मोरी उघडताच पाणी इतक्या जोराने सुटते की बांधच फुटायचा. यावर त्यांनी बांधाच्या आत एक चौकोनी विहीर बांधली. तळ्याचे पाणी आधी त्या विहिरीत येई. तेथे त्याचा जोर मोडे. मग ते शांतपणे मोरीतून बाहेर पडे. दोन हजार वर्षांपूर्वी ही युक्ती तिकडे माहीत होती.

या धातुसेनाला दोन मुलगे. थोरला कश्यप, पण त्याची आई राजघराण्यातली नव्हती. धाकटा मोग्गल्लान, तो राणीचा. गादी आपल्याला मिळणार नाही, म्हणून कश्यपाने बापाला कैद केले. मोग्गल्लान जीव वाचवून हिंदुस्थानात पळाला. कश्यपाने बापाला विचारले, धन कुठे पुरले आहे ते दाखव. जुनी बखर सांगते की म्हातारा राजा त्याला कलावेवच्या काठी घेऊन गेला. तळ्यात उतरला. अंग धुतले. ओंजळीत पाणी घेतले आणि मुलाला सांगितले की माझे धन ते एवढेच.

कश्यपाला वाटले, बाप आपली थट्टा करतो आहे. त्याने बापाला भिंतीत चिणून मारले.

मंडळी, त्या मागच्या बाकावरच्या मुलाला उत्तर द्यायचे ते हे होते.

सिंहाचा डोंगर

बापाला मारले, पण कश्यपाच्या मनातली भीती काही गेली नाही. भाऊ फौज घेऊन येईल, हा धाक कायम. म्हणून त्याने राजधानी हलवली. सपाट रानात एक खडक एकटाच उभा आहे. उंची सुमारे ६०० फूट, कडे चहूबाजूंनी तुटलेले. त्याच्या माथ्यावर त्याने वाडा बांधला. वर जायची वाट एका प्रचंड सिंहाच्या पायांमधून काढली. सिंह विटांचा होता. आता फक्त त्याचे पंजे उरले आहेत. एकेक नख माणसाएवढे. या जागेला सिगिरिय म्हणतात, म्हणजे सिंहगिरी.

खडकाच्या पोटात रंगीत चित्रे आहेत. हातात फुले घेतलेल्या स्त्रियांची ती चित्रे. आपल्या अजिंठ्याच्या चित्रांशी त्यांचे साम्य जाणकारांना दिसते. पूर्वी चित्रे पुष्कळ होती. आज वीस-बावीसच उरली आहेत. १९६७ साली कोणा दुष्टाने त्यांवर रंग फासला. पुढे तज्ज्ञांनी मोठ्या कष्टाने तो काढला. खडकाच्या पायथ्याशी बागा आहेत. त्यांत कारंजी आहेत. पंधराशे वर्षे झाली, तरी पावसाळ्यात ती अजून उडतात.

चित्रांखाली एक गुळगुळीत भिंत आहे. राजा गेल्यावर शेकडो वर्षे लोक ही जागा पाहायला येत राहिले. आणि या भिंतीवर चार ओळी लिहून जात. कोणी भिक्षू, कोणी सैनिक, कोणी बाई. सेनरत परणवितान नावाच्या विद्वानाने त्यांतली ६८५ पद्ये वाचून १९५६ साली छापली. राजांच्या बखरीत साध्या माणसाचे नाव सहसा येत नाही. पण या लोकांना लिहिता येत होते, म्हणून त्यांचे मन आज आपल्याला कळते. मात्र हे वाचून कोणी किल्ल्याच्या भिंतीवर नाव कोरू नका हं! सिगिरियला आता तसे केल्यास तुरुंगात जावे लागते, आणि ते योग्यच आहे.

कश्यपाचे पुढे काय झाले? अठरा वर्षांनी मोग्गल्लान फौज घेऊन आला. लढाईत कश्यपाचा हत्ती चिखल पाहून बाजूला वळला. फौजेला वाटले, राजा पळतो आहे. फौज पळाली. कश्यपाने स्वतःच्या हाताने जीव दिला. राजधानी पुन्हा अनुराधपूरला गेली. खडकावरचा वाडा पडला. पण बापाचे तळे अजून भात पिकवते आहे.

गुहा आणि ग्रंथ

सिगिरियहून जवळच दांबुल्ल येथे डोंगराच्या मोठ्या कपारीखाली पाच गुहामंदिरे आहेत. आपली लेणी माणसांनी खडक फोडून कोरली. येथे कपार निसर्गाची, भिंती माणसांनी घातलेल्या. आत दीडशेच्या आसपास मूर्ती आहेत आणि छतभर चित्रे. राज्य गेलेला एक राजा इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात या बाजूच्या गुहांत लपून राहिला होता. राज्य परत मिळाल्यावर त्याने येथे देवस्थान केले, असे सांगतात. त्याचे नाव वट्टगामिनी.

तेथून दक्षिणेला निघालो की मातले गावाजवळ अलुविहार लागतो. जागा लहान आहे. पण तुम्ही नुकतेच अक्षर शिकला आहात, तेव्हा तुम्ही येथे थांबलेच पाहिजे. बुद्धाचा उपदेश तोवर लिहिलेला नव्हता. भिक्षू तो तोंडपाठ करीत आणि शिष्यांना सांगत. मग लढाया झाल्या. मोठा दुष्काळ पडला. पाठ करणारे भिक्षू भुकेने मरू लागले. माणूस मेला की त्याच्याबरोबर विद्याही जाणार! तेव्हा या गुहांत भिक्षू जमले आणि तो सगळा उपदेश ताडपत्रांवर लिहून काढला. तोंडातले ज्ञान पानावर आले, म्हणून ते टिकले.

पोलोन्नरुव

दहाव्या शतकाच्या अखेरीस तमिळ देशाच्या चोळ राजांनी अनुराधपूर जिंकले. मग राजधानी पोलोन्नरुव येथे गेली. चोळांनी बांधलेली शिवाची देवळे तेथे आजही आहेत. येथे एकाच सलग खडकात बुद्धाच्या चार मूर्ती कोरल्या आहेत. त्यांतली निजलेली मूर्ती सुमारे ४६ फूट लांब. डोक्याखालची उशी दगडाची, पण डोक्याच्या भाराने ती दबलेली दाखवली आहे. कारागिराचा हात असा.

येथला मोठा राजा पराक्रमबाहू. त्याने ११५३ ते ११८६ राज्य केले. पावसाचे पाणी माणसाच्या उपयोगी पडल्यावाचून समुद्राला मिळू द्यायचे नाही, हे त्याचे धोरण. त्याने जुनी तळी दुरुस्त केली, नवी बांधली. त्याचे मोठे तळे इतके विस्तीर्ण की लोक त्याला पराक्रम समुद्र म्हणतात.

पण तेराव्या शतकात परचक्र आले. राजे दक्षिणेला निघून गेले. बांध फुटले, कालवे बुजले. साचलेल्या डबक्यांत डास माजले, हिवताप आला. माणसे गाव सोडून गेली. राजवाड्यांवर रान माजले. पुढे दोन्ही राजधान्या झाडीतून मोकळ्या केल्या आणि मोठी तळी दुरुस्त झाली, ती इंग्रजांच्या काळात आणि स्वातंत्र्यानंतर. हिवतापाचे म्हणाल, तर २०१६ साली लंका हिवतापमुक्त झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले.

खेड्यातले तळे

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. राजे गेल्यावर मोठी तळी फुटली. पण खेड्यांची पुष्कळशी लहान तळी टिकली. का टिकली? त्यांना गावच सांभाळीत होता.

ही तळी एका ओहोळावर एकाखाली एक अशी असतात. वरच्या तळ्याचे पाणी शेतात जाते. शेतातून झिरपलेले पाणी खालच्या तळ्यात जमते. तेच पाणी पुन्हा पुढच्या गावाची शेते भिजवते. तळ्याच्या वरच्या अंगाला झाडांचा पट्टा राखतात. मुख्य तळ्याच्या आधी एक लहानसे डबके ठेवतात, म्हणजे गाळ तेथेच बसतो. बांधाच्या खाली झाडाझुडपांची ओलसर पट्टी असते. ती खार शोषून घेते. पूर्वी पाण्याचा एक कारभारी असे. त्याला वेल विदाने म्हणत. कोणाची पाळी कधी, कोणी किती हात बांध दुरुस्त करायचा, हे तो पाही.

आणि पाऊस कमी पडला तर? तेव्हाची रीत ऐका. तिला बेत्म म्हणतात. तळ्यात पाणी थोडे असले की सगळी शेती भिजत नाही. फक्त बांधाजवळचीच भिजते. मग बांधाजवळच्या मालकाने पिकवायचे आणि टोकाच्या माणसाने उपाशी राहायचे का? नाही. गाव बसून ठरवतो की यंदा एवढीच जमीन करायची. तेवढी जमीन सगळ्या वाटेकऱ्यांत त्या हंगामापुरती वाटून घेतात. पुढच्या साली पाऊस झाला की ज्याची जमीन त्याच्याकडे. आपल्या धुळे-नाशिककडे पांझरा आणि मोसम नद्यांवर फड पद्धत आहे. तीही याच जातीची समजूत.

डोंगरातली लंका

आता डोंगर चढू. कँडी हे शेवटच्या राजांचे गाव. पोर्तुगीज आले, डच आले, पण डोंगरातले हे राज्य त्यांना घेता आले नाही. अखेर १८१५ साली ते इंग्रजांनी घेतले. येथे बुद्धाचा दात ठेवलेले मंदिर आहे. दरवर्षी आषाढ-श्रावणाच्या सुमारास हत्तींची मोठी मिरवणूक निघते. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर बौद्ध परिषदेसाठी लंकेला गेले होते. १९८३ ते २००९ या काळात लंकेत सिंहली आणि तमिळ यांच्या झगड्यातून यादवी युद्ध झाले. दोन्हीकडची गरीब माणसे मेली. १९९८ साली या मंदिराबाहेरही बाँब फुटला. आता मंदिर दुरुस्त झाले आहे.

कँडीच्या वर चहाचे मळे. १८६७ साली येथे चहाची लागवड सुरू झाली. मळे डोळ्यांना हिरवेगार दिसतात. पण ते कोणी लावले? तमिळ देशातून आणलेल्या मजुरांनी. त्यांतले कितीतरी वाटेतच तापाने मेले. देश स्वतंत्र झाल्यावर १९४८ साली कायदा झाला आणि यांतले बहुतेक मजूर कुठल्याच देशाचे नागरिक राहिले नाहीत. राहिलेल्यांना नागरिकत्व मिळायला २००३ साल उजाडले. चहाचा कप हातात घेताना हे आठवावे.

तेथेच नुवर एळिय गावाजवळ सीतेचे देऊळ आहे. अशोकवन तेथेच होते असे लोक मानतात. आणखी पुढे श्रीपाद नावाचे ७,३०० फुटांहून उंच शिखर आहे. माथ्यावर पावलाचा ठसा आहे. बौद्ध म्हणतात बुद्धाचा, हिंदू म्हणतात शंकराचा, मुसलमान म्हणतात बाबा आदमचा. वाट मात्र सगळ्यांची एकच.

आपले काय?

१९५८ साली लंकेत आरियरत्न नावाच्या एका शिक्षकाने विद्यार्थी घेऊन खेड्यात काम सुरू केले. गांधीजी आणि विनोबा यांच्यापासून त्यांनी स्फूर्ती घेतली होती. त्या चळवळीचे नाव सर्वोदय श्रमदान. हजारो खेड्यांत रस्ते, विहिरी, तळी अशी कामे झाली. म्हणजे आपलाच शब्द त्यांनी नेला आणि राबवला.

आमच्या गावाबाहेरही एक जुने तळे आहे. आम्ही पोहायला तेथेच शिकलो. आज त्यात गाळ आणि बाभळी आहेत. गाळ कोणी काढायचा, यासाठी तीन सभा झाल्या. तिन्ही भांडणात संपल्या. त्यात आमचेही शब्द चढलेले होते, हे कबूल करतो. ज्याचे शेत तळ्याजवळ त्याने काढावा, असे आम्ही म्हणालो होतो. आमचे शेत लांब होते ना! बेत्मची रीत वाचली, तेव्हा आमची आम्हांलाच लाज वाटली.

आता चौथी सभा बोलवायची आहे. या खेपेला वही घेऊन बसायचे ठरवले आहे. कोणाचे घर, किती माणसे, कोणता दिवस, सगळे लिहायचे. पहिले नाव आमचे. बोललेले भांडणात हरवते, लिहिलेले राहते. तुम्हीही आता लिहू शकता. तुमच्या गावाला तळे असेल, तर उन्हाळ्यात एक काठी घेऊन जा आणि गाळ किती हात आहे ते मोजून वहीत लिहा. धातुसेनाचे धन तुमच्याही गावात असेल, गाळाखाली.

आता सांगा

१. लंकेच्या कोरड्या भागात पाऊस कोणत्या महिन्यांत पडतो?
२. धातुसेनाने मुलाला कोणते धन दाखवले? मुलाला ते का कळले नाही?
३. अलुविहारात भिक्षूंनी उपदेश लिहून का काढला?
४. बेत्म म्हणजे काय? तुमच्या गावात ती रीत चालेल का? चार माणसांत बसून बोला आणि काय ठरले ते लिहा.